चाचांचा डबा आणि माझा फुगा

चाचांबरोबर मी तीन उन्हाळे पाण्याखाली काम केलं. त्या तीन उन्हाळ्यांत एकदाही असं झालं नाही की काम आटोपून आम्ही न भांडता घरी गेलो. भांडणाचा विषय एकच. पाण्यात माणसाने तरंगायचं कशाच्या जोरावर, त्यांच्या डब्याच्या की माझ्या जाकिटाच्या.

चाचा नंदुरबारचे. बाजाराच्या मागच्या गल्लीत त्यांचं फ्रीज आणि कूलर दुरुस्तीचं दुकान होतं. गावातले निम्मे फ्रीज त्यांच्या हाताखालून गेलेले, पण त्यांच्या स्वतःच्या घरातला फ्रीज बंद. त्यात चाचींनी मसाल्याचे डबे ठेवले होते आणि खालच्या कप्प्यात चाचांच्या रबरी रिंगा. तरुणपणी ते गुजरातच्या किनाऱ्यावर बुडालेल्या बोटींचं लोखंड काढायच्या कामावर होते, बुडी मारायला तिथेच शिकले. परत आल्यावर त्यांच्या लक्षात आलं की तापीच्या काठाला या विद्येचं भरपूर काम आहे. आमच्याकडे गावोगाव उपसा सिंचनाच्या जॅकवेल आहेत. नदीला लागून बांधलेली काँक्रीटची गोल विहीर, तिच्यात नदीचं पाणी येतं आणि वरचे पंप ते शेतांपर्यंत नेतात. पाइपाच्या तोंडावरच्या जाळीत लाकडं, गोणपाट, जलपर्णी अडकली की सगळं ठप्प होतं. मग कुणीतरी खाली जायला लागतं. वीसएक वर्षं ते कुणीतरी म्हणजे चाचाच होते.

मी तापीकाठच्या प्रकाशा गावाजवळचा, गुजर शेतकऱ्याच्या घरातला. शिकलो कॉमर्स, रमलो मालवणला. तिथे स्कुबाचा कोर्स केला, दोन सीझन पर्यटकांना मासे दाखवले आणि वडिलांची तब्येत बिघडली तेव्हा जमवलेल्या पैशांतून दोन टाक्या, एक जुना कॉम्प्रेसर आणि हवा भरून तरंगायचं एक नवंकोरं जाकीट घेऊन घरी आलो. माझे काका आमच्या पाणीपुरवठा संस्थेचे चेअरमन. त्यांना वाटलं, घरचाच मुलगा आहे, जॅकवेलचं काम त्यालाच देऊ. पण माझ्यावर पुरता विश्वास बसेना, म्हणून त्यांनी पहिल्याच दिवशी चाचांनाही बोलावून घेतलं. आम्हा दोघांना हे आधी सांगितलं मात्र नाही.

मी जॅकवेलवर पोचलो तर सत्तरीकडे झुकलेला एक किडकिडीत माणूस कठड्यावर बसून खारी चहात बुडवत होता. अंगात बनियन, हाफ पँट, कमरेला कापडी नवारीत बांधलेले शिशाचे तुकडे. शेजारी श्वासाच्या हवेची जुनी टाकी आणि एक लोखंडी नळकांडं. फ्रीजमध्ये गॅस भरायचं जुनं नळकांडं असतं ते. त्याला खाली एक कॉक, वर एक कॉक आणि पाठीला बांधायला दोन पट्टे. त्यांनी माझं जाकीट हातात घेतलं, उलटसुलट केलं, बटण दाबून पाहिलं आणि काकांकडे बघून म्हणाले, "हाऊ फुगा शे."

त्या दिवसापासून माझ्या चाळीस हजारांच्या जाकिटाचं नाव फुगा पडलं. गावात आजही तेच चालतं.

त्यांचा मुद्दा काय होता, हे सांगायला हवं, कारण तो मुद्दा खोटा नव्हता. तो खोटा असता तर माझं डोकं इतकं फिरलं नसतं. जाकिटात हवा भरली की माणूस तरंगतो. पण खोल जावं तशी पाण्याच्या दाबाने ती हवा आकसते. तेहतीस फुटांवर ती निम्मी होते. म्हणजे माणूस जड होतो आणि आणखी वेगाने खाली जायला लागतो. मग बटण दाबून हवा भरायची. वर येताना उलटं, तीच हवा फुगते आणि माणूस बुचासारखा वर सुटतो, म्हणून दोरी ओढून हवा सोडायची. सगळा वेळ हे भरणं आणि सोडणं चालूच. माझा रबरी सूटही खोलीवर आकसायचा, त्याची आणखी भर. चाचांचा डबा लोखंडाचा, दाबाने तसूभर न हलणारा. ते वरच त्यात थोडं पाणी घ्यायचे, अंगाचं वजन आणि तरंगणं सारखं झालं की दोन्ही कॉक बंद. मग दहा फूट असो की चाळीस, जिथे थांबायचं तिथे थांबले. अंगात सूट नाहीच, त्यामुळे आकसायला दुसरं काही नव्हतं. टाकीतली हवा संपत जाते तशी टाकी हलकी होते, मग तुमचा डबा तरी कायम कसा, असं मी त्यांना एकदा विजयी मुद्रेने विचारलं. ते म्हणाले, मधे एकदा घोटभर पाणी डब्यात घ्यायचं. याचंही उत्तर त्यांच्याकडे तयार होतं.

पण बरोबर असणं वेगळं आणि बरोबर असल्याचा छळ करणं वेगळं. पाण्याखाली बटण दाबलं की फुस्स आवाज होतो आणि पाण्यात आवाज चांगला ऐकू येतो. चाचा माझे फुस्स मोजायचे. अंधारात हाताने चाचपडत जाळीतला गाळ काढताना हा माणूस शेजारी लटकून मोजत असायचा. वर आल्यावर अंग पुसायच्या आधी काकांना हिशेब, "तुमना पुतन्यानी आज सव्वीस वखत बटन दाबं." काकांना त्यातलं काही कळत नव्हतं, पण सव्वीस हा आकडा त्यांना वाईट वाटायचा. ते माझ्याकडे असं बघायचे, जणू मी संस्थेचं डिझेल जाळलं.

नवापूरकडे एका कामाला निघालो होतो तेव्हा विसरवाडीला चहाला थांबलो. तिथे हॉटेलवाल्याच्या पिण्याच्या पाण्याच्या पिंपात चाचांनी एक रिकामी प्लास्टिकची बाटली उलटी दाबून धरली आणि ट्रकवाल्यांना दाखवायला लागले की बघा, खाली नेली तशी बाटलीत पाणी चढतं, म्हणजे हवा लहान झाली. दंडापर्यंत हात पिंपात. हॉटेलवाल्याने आधी नीट सांगितलं, मग शिव्या दिल्या. चाचा शांतपणे म्हणाले, हा माझ्या पार्टनरचा फुगा, त्याला समजावतोय. म्हणजे दोष माझ्यावर. पिंप रिकामं करून, घासून, पुन्हा भरून दिलं ते मीच. ते तोवर जीपमध्ये जाऊन झोपले होते.

फोनवर व्हिडिओ बघायचाही त्यांना नाद लागला. स्वतःचा फोन साधा, म्हणून माझा घ्यायचे. कुठल्या तरी परदेशातले पोहणारे, निळं पाणी, रंगीत मासे. चाचा मासे बघत नसत. "देख, परत दाबं," एवढंच. एकदा त्यांना एक जुना व्हिडिओ सापडला. त्यात पाठीवर कडक कवच असलेलं, आतलं पाणी आतबाहेर करून तरंगणारं एक जुन्या काळचं यंत्र होतं. म्हणजे त्यांची कल्पना साता समुद्रापार कुणाला तरी आधीच सुचली होती. मला वाटलं, यांना आनंद होईल. ते दोन दिवस फुगून बसले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, त्यांनी ते बंद का केलं ते मला माहीत आहे, लोकांना दुकानात विकायला फुगा सोपा पडतो.

शेवटी मीच म्हटलं, एकदा सोक्षमोक्ष लावू. काकांच्या मळ्यातल्या विहिरीत चाळीस फूट स्वच्छ पाणी होतं. दोराला दर दहा फुटांवर गाठ मारून दोर सोडला. अट अशी की प्रत्येक गाठीशी पाच मिनिटं थांबायचं, हात न हलवता, दोर न धरता. काका घड्याळ घेऊन वर. वरून सगळं दिसत होतं. मी श्वास घेतला की हातभर वर, सोडला की हातभर खाली, मधेमधे बटण. चाचा भिंतीवरच्या कॅलेंडरसारखे स्तब्ध. त्या फेरीत मी सपशेल हरलो आणि ते कबूल केलं.

मग दुसरी फेरी, माझ्या पसंतीची. कापूस तोलायच्या काट्याचं वीस किलोचं लोखंडी माप तळाशी टाकलं आणि ठरवलं की ते उचलून वर आणायचं. मी खाली गेलो, माप पोटाशी धरलं, बटण दाबलं, वर येताना हवा सोडत सोडत मिनिटभरात काठाला. चाचा खाली गेले ते गेलेच. खालचा कॉक उघड, वरच्या कॉकातून टाकीची हवा डब्यात भर, पाणी बाहेर जाऊ दे, कॉक बंद कर. तरी डबा लहान, जोर पुरेना. शेवटी विहिरीच्या दगडांना धरत धरत, बारा मिनिटांनी, माप बगलेत घेऊन ते वर आले. दम लागलेला, गुडघा खरचटलेला.

काकांनी निकाल दिला, एक फेरी याची, एक त्याची.

"दुसरी फेरी कसानी?" चाचा म्हणाले. "हाई हमालनं काम शे. पोहनारानं नही."

आणि ते जेवायला बसले. मी तिथे उभा, ओला, हातात वीस किलोचं माप. असा माणूस होता.

तिसऱ्या उन्हाळ्यात, एप्रिलच्या शेवटाला, पलीकडच्या एका गावाच्या जॅकवेलवर काम आलं. तळाची जुनी लोखंडी जाळी गंजून एका बाजूने सुटली होती, तिच्यातून लाकडं आत जाऊन दोन्ही पंप बंद. केळी आणि ऊस उभा, आठ दिवस पाणी नाही, लोक कठड्याभोवती गर्दी करून. जाळी चाळीसेक किलोची. ती सोडवून दोराने वर घ्यायची आणि मग नवी बसवायची. विहीर अरुंद, आत पंपांचे पाइप, दोघे एकदम उतरले तर एकमेकांत अडकणार. म्हणून एकाने खाली जायचं, एकाने तयारीत वर थांबायचं. मी म्हटलं, वजनाचं काम आहे, मी जातो. चाचा म्हणाले, नट सोडवायचे आहेत, एका जागी अर्धा-पाऊण तास थांबायचं आहे, फुग्याला जमणार नाही. ही गोष्ट खरी होती. कमरेला जीवदोरी बांधा म्हटलं, तर म्हणाले ती पाइपाला गुंडाळते. तीही गोष्ट खरी होती. चाळीस मिनिटांनी काहीही झालं तरी वर यायचं, एवढं मात्र मी त्यांच्याकडून कबूल करून घेतलं.

तिसाव्या मिनिटाला खालून दोराला तीन झटके आले, म्हणजे ओढा. वरच्या माणसांनी दोराच्या कप्पीची चेन ओढायला सुरुवात केली. दोर ताठ झाला, थोडा वर आला आणि एकदम सैल पडला. हूक निसटला होता. जाळी परत तळाशी गेली. चाचा पुन्हा हूक लावतील म्हणून आम्ही वाट पाहिली. बुडबुडे येत होते, पण एकाच जागी. चाळीस मिनिटं झाली. बेचाळीस झाली. मी मास्क चढवला आणि सहज कठड्याकडे नजर गेली. तिथे पपईच्या सालींत चाचांची कमरेची सुरी पडली होती. उतरण्याआधी त्यांनी सगळ्यांना पपई कापून दिली होती आणि सुरी तिथेच ठेवून ते खाली गेले होते.

त्या क्षणी मला भीती नंतर वाटली, आधी त्यांचा भयंकर राग आला.

खाली काहीच दिसत नव्हतं. गाळ इतका की स्वतःचा हात दिसेना. पाइपाला धरून उतरलो. तळाशी पायाला काहीतरी लागलं आणि लगेच एका हाताने माझा घोटा पकडला. मी चाचपून बघितलं. चाचा मांडी घालून बसले होते. धडपड नाही, काही नाही. त्यांनी माझा हात धरून एकेका ठिकाणी नेला. कमरेला एक बारीक दोरी, ती जाळीला बांधलेली. वर चढताना जाळी झोके घेऊन पाइपावर आपटू नये म्हणून त्यांनी ती स्वतःच्या नवारीला बांधून घेतली होती, आणि जाळी पडली तशी त्यांना घेऊन पडली. मग त्यांनी माझा हात डब्याच्या खालच्या कॉकवर ठेवला. तो गाळाने घट्ट बसला होता. एका जागी ठाम राहायला त्यांनी डबा पाण्याने भरला होता, आता तो रिकामा होईना. शेवटी त्यांच्या टाकीचा हवेचा काटा डोळ्यांपुढे आणून मी टॉर्च लावला. काटा लालच्याही खाली. माझ्या टाकीलाही श्वासाची नळी एकच.

मी माझ्या सुरीने दोरी कापली. तरी ते जडच, हलेनात. नवारीची गाठ ओली होऊन दगडासारखी झाली होती आणि जाड नवार कापत बसायला वेळ नव्हता. मग मी त्यांना छातीशी आवळलं आणि बटण दाबून धरलं. जाकीट फुगत गेलं, फुगत गेलं, आणि आम्ही तळ सोडला.

पहिले पंधरा फूट ठीक गेले. मग व्हायचं तेच व्हायला लागलं. हवा प्रसरण पावायला लागली आणि वेग वाढला. माझा एक हात त्यांच्याभोवती, दुसऱ्याने पाइप आणि डोक्यावरची तुळई चुकवत होतो. हवा सोडायला हातच नव्हता. तेवढ्यात माझ्या उजव्या खांद्यावरची दोरी ओढली गेली. थोडी हवा सुटली. थांबली. पुन्हा ओढली गेली. चाचा ओढत होते. जी वस्तू अंगात चढवायला त्यांनी तीन वर्षं नकार दिला होता, तिची दोरी कुठे आहे आणि किती ओढायची ते त्यांना माझ्याइतकं ठाऊक होतं. तरी शेवटचे दहा फूट आमच्या दोघांच्याही हातात राहिले नाहीत. आम्ही झपकन वर आलो.

लोकांनी त्यांना ओढून कठड्यावर घेतलं. ते बसले, थुंकले आणि डाव्या कानाला हात लावला. हाताला रक्त आलं.

मी तिथेच, शंभर माणसांसमोर, त्यांच्यावर ओरडलो. सुरी कुठे, दोरी कमरेला कशाला, काय काय बोललो. ते माझ्या तोंडाकडे बघत होते. मग म्हणाले, "तुले कोनी सांगं व्हतं फुगानी वर खेचाले? दोरी कापी, बस व्हतं. मी पाइप धरीसन उनू असतू."

"काटा लालमा व्हता, चाचा."

"लालमा पन हवा ऱ्हास."

दुसऱ्या दिवशी उरलेलं काम मी केलं, नवी जाळी बसवली, संध्याकाळी पंप चालू झाले. नंदुरबारच्या डॉक्टरांनी चाचांचा कान तपासला. पडदा फाटला होता आणि आतही इजा होती. त्या दिवशी त्यांना सर्दी होती, नाक बंद होतं, हे तेव्हा चाचींकडून कळलं. मला सांगितलं असतं तर मी त्यांना उतरूच दिलं नसतं, म्हणून तर सांगितलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, आता पाण्याखाली जाणं कायमचं बंद. आणि डाव्या कानाने फारसं ऐकू येईल अशी आशा ठेवू नका.

मला पुढे कित्येक दिवस झोप नीट लागली नाही. दोरी कापल्यावर त्यांना खरंच पाइप धरून हळूहळू चढता आलं असतं का? वरून दुसरा दोर मागवला असता तर? पण त्याला चार-पाच मिनिटं लागली असती आणि तेवढी हवा त्यांच्याकडे होती का? मी कागदावर गणित मांडून पाहिलं. एकदा उत्तर त्यांच्या बाजूने यायचं, एकदा माझ्या. कुणी म्हणायचं तू त्याचा जीव वाचवला, की मला कसंतरी व्हायचं. चाचा मात्र कुणी काही म्हणायच्या आधीच सांगायचे की फुग्याने माझा कान नेला. आणि लगेच पुढे, माझ्याच देखत, की पोरगा कामाचा आहे, कुठे जॅकवेल अडली तर यालाच बोलवा. यातलं कुठलं वाक्य मनापासून घ्यायचं, ते मला कधी उमगलं नाही.

बहिरेपणाचाही त्यांनी हत्यारासारखा वापर केला. उजवा कान शाबूत होता. वादात त्यांची बाजू वरचढ असेतो उजवा कान माझ्याकडे. मी काही बिनतोड बोललो की मान वळवून डावा कान पुढे. मी जागा बदलून उजवीकडे गेलो की तेही वळायचे. एकदा त्यांच्या दुकानात आम्ही असे दोघे एका स्टुलाभोवती दीड फेरी फिरलो. चाची दारातून बघत होत्या. त्यांनी कपाळाला हात लावला.

गेल्या वर्षी त्यांच्या मुलीने दोघांना सुरतेला नेलं. दुकान आवरायच्या दिवशी मी टेम्पो घेऊन गेलो होतो. चाचा जमिनीवर बसून एका कूलरची मोटर सोडवत होते. ती न्यायची नव्हती, विकायचीही नव्हती, तरी सोडवत होते. मी शेजारी बसलो. माझ्या मनात एक प्रश्न दीड वर्षं होता आणि विचारायचा धीर झाला नव्हता, कारण उत्तरात पुन्हा कान येईल, पुन्हा फुगा येईल, याची धास्ती. पण आता विचारलं नसतं तर कधी विचारणार होतो?

"चाचा, त्या दिवशी खाले बशीसन तुम्ही काय करी ऱ्हायंतात?"

मला वाटलं, डावा कान पुढे येणार. त्यांनी स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला आणि उजवा कान माझ्याकडे केला. मी पुन्हा विचारलं.

"काय करसू? तुन्ही वाट देखी ऱ्हायंतू," ते म्हणाले. "तू येशी हाई मालूम व्हतं. म्हनीसन हवा जपीसन लिधी."

मी खाली मान घालून मोटरचे सुटे स्क्रू गोळा करायला लागलो. चाचांनी ते माझ्या हातातून काढून घेतले, एकेक नीट पाहून डबीत टाकले आणि झाकण लावता लावता म्हणाले, "पन भलता उशीर करी दिधा तू."